चहाच्या मळ्यात आलेली होडी

इथे लोक आपापले भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी बरीच वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर डबा खाताना करमणूक म्हणून वाचायचे. एखादी गोष्ट चांगली वाटली की लॅबमधल्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग आम्ही सगळ्या मिळून हसायचो. त्यामुळे आज मी स्वतः लिहायला बसलेय याचं मलाच नवल वाटतंय. हसायचं असेल तर हसा... फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुम्हाला एक विचारायचंय.

मी शुभांगी. पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. रक्त, लघवी, रिपोर्ट. जे स्लाइडवर दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही, असा माझा सरळ हिशोब. घरात देव आहेत, सणवार करते, पण भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही. माझा नवरा दत्ता उरणजवळच्या मोऱ्याचा. कोळी. तो समुद्रातल्या गोष्टी मानायचा, आणि मी त्याला त्यावरून चिडवायचे.

दत्ता आता समुद्रावर जात नाही. एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. त्याचे मोठे भाऊ हरीदादा एकोणीस वर्षांपूर्वी होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. होडी मिळाली नाही, तेही मिळाले नाहीत. थंडीचे दिवस होते, पहाटे दाट धुकं होतं, एवढंच सगळ्यांना माहीत. एरवी दोघे भाऊ बरोबर जायचे, पण त्या दिवशी दत्ताला ताप होता म्हणून हरीदादा एकटेच गेले. हे मी स्वतः शेजारपाजाऱ्यांना, पोलिसांना, सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हा आम्ही मोऱ्यालाच राहायचो. सकाळी मी उठले तेव्हा हा डोक्यावरून गोधडी घेऊन पडला होता. मीच त्याला गोळी दिली होती.

हरीदादांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचा प्रेमविवाह, जात वेगळी, माझ्या माहेरी जोरदार विरोध. तेव्हा हा माणूस माझ्या वडिलांसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "पोरीला काय कमी पडलं तर मला येऊन विचारा, याला नको." त्यांची बायको यमुनावहिनी. मूलबाळ नाही. वहिनींनी एकोणीस वर्षांत मंगळसूत्र काढलं नाही. सात वर्षांनी मृत्यूचा दाखला काढता येतो, तोही त्यांनी काढू दिला नाही. "मेलेला बघितला कुनी?" एवढंच विचारायच्या. मोऱ्याला एकट्या राहतात, मासळी विकतात.

आता मूळ गोष्ट.

मागच्या हिवाळ्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलीने परस्पर बुकिंग केलं. निलगिरीत, कोटागिरीच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर एक गाव आहे. नाव देत नाही, त्या घरमालकीणबाईंना उगाच त्रास नको. चहाच्या मळ्यांत वसलेली तीस-चाळीस घरं, एक देऊळ, एक दुकान. "आई, तिथे काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं, चहा प्यायचा, झोपायचं," मुलगी म्हणाली. मला ती कल्पनाच इतकी आवडली! दत्ता कुरकुरला. डोंगरात करायचं काय, म्हणाला. पण आला.

पनवेलहून गाडीने कोइम्बतूर, तिथून टॅक्सीने घाट. शुक्रवारी दुपारच्या आत पोहोचलो. घर अगदी उतारावर. समोर लांबट व्हरांडा, त्याला लाकडी कठडा, आणि कठड्यापलीकडे चहाच चहा... हिरव्या गाद्या अंथरल्यासारखा. मधून मधून उंच सिल्व्हर ओकची झाडं. मळ्यातून एक पायवाट खाली जात होती आणि एका दगडी बांधापाशी संपत होती. बांधाच्या पलीकडे दरी.

घरमालकीण सरोजाम्मा. साठीच्या असतील. त्यांचे यजमान मिलिटरीत होते, त्यामुळे उत्तरेत राहून मोडकंतोडकं हिंदी शिकलेल्या. आल्या आल्या त्यांनी चहा दिला, गरम भजी दिली, आणि माझ्या पायांकडे बघून लोकरीचे मोजे आणून दिले. मला वाटलं, चला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पायांकडे बघितलं!

मी व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले ती उठायचं नाव घेईना. दत्ताला मात्र चैन नव्हतं. बसायचा, उठायचा, कठड्यापाशी जायचा, परत यायचा. "काय रे, काय हरवलंय?" मी विचारलं.

"इथं लांबवर सपाट असं काही दिसतच नाय," तो म्हणाला. "नजर कुठं ठेवायची तेच कळत नाय."

मी हसले. समुद्रावरचा माणूस, होणारच असं.

चारच्या सुमाराला धुकं आलं. वरून खाली येतं तसं नाही, दरीतून वर चढत आलं. आधी खालची झाडं गेली, मग मळ्याचा खालचा भाग, मग बांध. वरून ते अगदी सपाट दिसत होतं, राखाडी, संथ. बघता बघता ते कठड्यापासून चाळीस-पन्नास फुटांवर येऊन थांबलं.

"भरती आली," दत्ता म्हणाला. आणि मग त्याने एकदम मान वर केली, कान टवकारावेत तशी. "ऐकलंस?"

"काय?"

"काय नाय," म्हणाला. पण धुकं विरेपर्यंत तिथून हलला नाही. सरोजाम्मांनी आणलेला चहा तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी आम्ही मळ्यातून लांब फिरून आलो. पाठीला पिशव्या लावून बायका पानं खुडत होत्या. काहींच्या हातात कात्री, दोन-तीन पुरुषांकडे गवत कापायचं मोटरचं यंत्र. त्याचा आवाज मी मुद्दाम लक्षात ठेवला असं नाही, पण राहिला. एकसारखा चिरकत जाणारा आवाज, मोठ्या डासासारखा. एका बाईने मला पान कसं खुडायचं ते दाखवलं. दोन पानं आणि मधला कोंब. मी फोटो काढत होते. दत्ता मात्र सारखा घड्याळात बघत होता.

"कुणाला भेटायचंय का तुला?" मी चेष्टेत विचारलं.

"चारच्या आत घरी जाऊ," तो म्हणाला. चेष्टेत नाही.

चारला परत तेच. दरी भरत आली. मी त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभी होते. आणि या वेळी मलाही ऐकू आलं.

खूप लांबून... टुक्, टुक्, टुक्... आणि एक ठोका गाळलेला. परत टुक्, टुक्, टुक्... आणि एक गाळलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हरीदादांच्या होडीचं मशीन असंच वाजायचं. तीन ठोके आणि एक खाडा. किती जणांनी सांगितलं दुरुस्त करून घे, पण ते म्हणायचे, "र्‍हाऊ दे. घरी कळतं ना, मी आलो म्हनून." आणि खरंच कळायचं. धक्क्यावर शंभर होड्या लागायच्या, पण तो आवाज खाडीतून आला की यमुनावहिनी चुलीवर भात चढवायच्या. मी नवी नवरी असताना वहिनींकडूनच तो ओळखायला शिकले होते.

माझ्या अंगावर काटा आला नाही. आधी मला राग आला, स्वतःचाच. म्हटलं, याने काल काहीतरी डोक्यात भरवलं आणि आता मलाही ऐकू यायला लागलं. दत्ताकडे बघितलं तर त्याच्या कपाळावर घाम, त्या थंडीत.

"हरीचं मशीन हाय," तो हळू म्हणाला.

"वेडा आहेस का? गवत कापायचं यंत्र असेल. नाहीतर फॅक्टरीचं."

तेवढ्यात सरोजाम्मा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. आमचं बोलणं मराठीत, त्यांना कळायचा प्रश्नच नाही. त्या कठड्यापाशी आल्या, कान दिला आणि मला विचारलं, "मैडम, ये मोटर किसका है? उधर तो रोड नहीं."

हे मी अगदी शपथेवर सांगते. त्यांनी स्वतःहून विचारलं.

तासाभराने धुकं ओसरलं तेव्हा मी तशीच उठून मळ्याच्या मुकादमाच्या घरी गेले. सरोजाम्मांना बरोबर नेलं, बोलणं त्यांनी केलं. मुकादम म्हणाला, धुकं चढायला लागलं तेव्हाच त्याने यंत्रं बंद करवून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. खाली पंप? नाही. फॅक्टरी? ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, तिचा आवाज इकडे येत नाही. मग खाली आहे काय? तो हसला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाला. सरोजाम्मांनी सांगितलं, "बोलता है, नीचे कुछ नहीं. झाड़ है, पत्थर है."

घरी येऊन मी दत्ताला म्हटलं, आपण उद्या निघू. उटीला जाऊ, कुठेही जाऊ. आणि जो माणूस इथे यायलाच तयार नव्हता तो म्हणाला, "तू जा. मी नाय येणार."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. पंचवीस वर्षांत त्याने माझ्याशी असा आवाज चढवला नव्हता. सरोजाम्मांच्या समोर मला लाज वाटली. शेवटी मी विषय सोडला आणि मनात ठरवलं, उद्या चार वाजता हा माणूस या घरात नसेल असं बघायचं.

रविवारी सकाळी मी गोड बोलून त्याला कोटागिरीला काढलं. तिथेच जेवू, मुलीसाठी चहा घेऊ, संध्याकाळ करूनच परतू. तो गपचूप आला. जेवला. नीट बोलत होता, यार्डातल्या कुणाची तरी नक्कलही करून दाखवली. मला वाटलं, उतरलं भूत. तीनच्या सुमाराला मी एका दुकानात चहाची पाकिटं निवडत होते. दत्ता दाराशी उभा होता. मी दुकानदाराला काहीतरी विचारलं, वळून बघितलं... दत्ता नाही.

रस्त्यावर नाही, बाजूच्या दुकानांत नाही. फोन लागेना. मी रिक्षास्टँडवर गेले तर एक रिक्षावाला खुणेने म्हणाला, सर आताच गेले, त्या रस्त्याने. मी मिळाली ती रिक्षा पकडली. तो रस्ता वीस मिनिटांचा. त्या वीस मिनिटांत मी काय काय बोलले, कुणाकुणाला हाका मारल्या, मला आठवत नाही. वळणांवर दरीत बघत होते. धुकं चढायला लागलं होतं.

घरापाशी उतरले तर सरोजाम्मा फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी हात लांब करून खाली मळ्याकडे दाखवलं.

मी त्या पायवाटेने धावत सुटले. रविवार, मळ्यात एक माणूस नाही. दहा पावलांवर मी धुक्यात शिरले. पुढचं झुडूप दिसेना. आणि आवाज... तो आता लांब नव्हता. टुक्, टुक्, टुक्, खाडा. टुक्, टुक्, टुक्, खाडा. इतका जवळ की छातीत जाणवत होता. डिझेलचा वास आला. मी ओरडत होते, "दत्ता! दत्ता!"

तो बांधावर उभा होता. खाली नाही, बांधाच्या वर. पाठमोरा. बांध माझ्या गुडघ्याइतकाच उंच, रुंदी हातभर. त्याच्या पायांपुढे काहीच नव्हतं, नुसतं राखाडी.

मशीनचा आवाज मंदावला. होडी धक्क्याला लागताना मशीन कमी करतात ना, तसा. मग बंदच झाला. त्या शांततेत मला पाण्याचा आवाज आला. लाकडाला लागणारं पाणी, चुळुक, चुळुक. साडेपाच-सहा हजार फूट उंचीवर.

मग दत्ताने दोन्ही हात पुढे केले आणि काहीतरी पकडलं.

मला काही दिसलं नाही. दोर दिसला नाही, होडी दिसली नाही, माणूस दिसला नाही. पण मी मोऱ्याची सून आहे, दोर झेलताना हात कसे होतात ते मी हजार वेळा बघितलंय. पकडला, पंजा आवळला, आणि त्याचं सगळं अंग झटक्यात पुढे ओढलं गेलं. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण पलीकडे वजन होतं. तो स्वतःहून पुढे जात नव्हता. तो पाय रोवून मागे रेटत होता, मी मागे ओढत होते, आणि तरी आम्ही दोघे पुढे सरकत होतो. माझे गुडघे बांधाला लागले. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "सोड! सोड ते, दत्ता! सोड!"

"थांब, येतोय तो," दत्ता म्हणाला. रडत होता. "थोडंच राह्यलंय, थांब गं..."

मी त्याच्या खांद्याला चावले. होय, चावले. दुसरं काही सुचलं नाही.

त्याने सोडलं. आम्ही दोघे मागे चहाच्या झुडपांत पडलो. थोडा वेळ काहीच नाही. मग मशीन परत सुरू झालं. टुक्, टुक्, टुक्, खाडा. लांब जात राहिलं, लांब, लांब... मग नुसतं धुकं.

(फोनवर रेकॉर्ड का नाही केलं असं विचारणाऱ्यांना आधीच हात जोडते.)

घरात आणून मी त्याचे हात बघितले. दोन्ही तळहातांवर तिरकी सालटं निघाली होती, करंगळीच्या बुडापासून अंगठ्यापर्यंत, रुंद लाल पट्टा. ज्याच्या हातातून ताणलेला दोर निसटतो त्याच्या हाताला असंच होतं. मी जखमा धुतल्या, मलम लावलं, पट्टी बांधली. मी हातांनी काम करत होते म्हणून ठीक होते. नाहीतर माझं काय झालं असतं, सांगता येत नाही.

सरोजाम्मांनी आम्हाला स्वयंपाकघरात चुलीशी बसवलं. आणि तिथे दत्ताने मला ते सांगितलं, जे एकोणीस वर्षं सांगितलं नव्हतं.

त्याला ताप नव्हता. त्या पहाटे तो मोऱ्याच्या धक्क्यावर गेला होता. आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं, कारण दत्ताला यार्डात नोकरी लागत होती आणि हरीदादांना ते पटत नव्हतं. "लोकांचं दार राखनार तू?" असं म्हणाले होते. पहाटे धुक्यातून हरीदादांनी होडी धक्क्याजवळ आणली आणि दोर टाकला. "दत्त्या, दोर घे!" दोर दत्ताच्या पायाशी पडला. तो खिशात हात घालून उभा राहिला. हरीदादांनी दोर ओढून घेतला, परत टाकला. तीन वेळा टाकला.

"मग?" मी विचारलं.

"मग हसला. म्हनला, संध्याकाळी बघतो तुला. आणि गेला." दत्ता पट्टी बांधलेल्या हातांकडे बघत होता. "मी घरी येऊन गोधडी घेतली. तू गोळी दिलीस. संध्याकाळ झाली आणि मग... मग काय सांगणार होतो, शुभा? कुणाला सांगणार होतो?"

सरोजाम्मांना त्यातला एक शब्द कळला नव्हता. तरी त्यांनी पुढे होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी मी एकटी बांधापाशी गेले. मला बघायचंच होतं. लख्ख ऊन होतं. बांधाखाली पन्नास-साठ फुटांचा सरळ कडा, तळाशी दगड आणि झाडं. तार नाही, दोर नाही, वेल नाही, ज्याने हात सोलवटतील असं काहीच नाही. पण बांधाच्या अलीकडच्या ओल्या मातीत माझ्या चपलांच्या दोन घसरखुणा होत्या, टाचा रुतवून ओढत नेल्यासारख्या. बांधाकडे जाणाऱ्या. हात-दीड हात लांब.

आठवड्याचं बुकिंग होतं, आम्ही चौथ्या दिवशी परत निघालो.

पनवेलला आल्यावर दत्ता म्हणाला, वहिनीला सांगायचं. मी म्हटलं, एकोणीस वर्षांनी कशाला त्या बाईला जाळतोस? पण त्याचं ठरलं होतं. आम्ही दोघे मोऱ्याला गेलो. दुपारची वेळ होती. वहिनी अंगणात वाळलेले बोंबील निवडत बसल्या होत्या. दत्ता त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. आधी धक्क्यावरचं, मग डोंगरातलं. मी दाराला टेकून उभी होते. मला वाटत होतं, आता या उठतील, थोबाडीत देतील, टाहो फोडतील, काहीतरी करतील. त्या निवडत राहिल्या. दत्ताचं बोलून झालं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"दाखव," म्हणाल्या.

दत्ताने तळहात पुढे केले. खपल्या धरल्या होत्या. वहिनींनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आता पकडलास ना दोर?"

"पकडला, वहिनी."

"मग सोडला कशाला?"

दत्ताने हात मागे घेतले. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. पण वहिनींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. म्हटलं असतं, तुमचा दीर कड्यावरून गेला असता, मी त्याला वाचवलं. त्या नुसत्या बघत राहिल्या, एखाद्या लहान मुलाने नकळत काहीतरी फोडलं की बघतात तशा. मग म्हणाल्या, "तू तरी काय करनार, शुभे. तुझा तुझ्या हातात होता."

या गोष्टीला चार महिने झाले. दत्ता आता शांत झोपतो. इतकी वर्षं झोपेत दात खायचा, ते बंद झालंय. वेळ लागला, पण हात भरून आले. झोप लागत नाही ती मला. लॅबमध्ये रक्त घेताना मला सहसा दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही, मागच्या महिन्यात दोघांना टोचावी लागली. डोळे मिटले की पाण्याचा तो चुळुक आवाज येतो आणि "थोडंच राह्यलंय, थांब गं..." मी माझा नवरा वाचवला. ते बरोबरच केलं, परत तशी वेळ आली तर परत तेच करेन. पण पलीकडे वजन होतं हो. त्या दोराच्या पलीकडे कुणीतरी होतं.

डोक्याने विचार करणाऱ्यांची सगळी उत्तरं माझी स्वतःला देऊन झालीयत. दरीत आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही. अपराधी मन काहीही ऐकवतं. दोन माणसांना एकच भास होऊ शकतो. हात झुडपांत पडताना सोलवटले असतील. एकेक उत्तर ठीक वाटतं. सगळी एकत्र ठेवली की सरोजाम्मांचा प्रश्न मधे येतो, की तिकडे रस्ता नाही मग मोटर कुणाची? त्यांना फोन करते मी अधूनमधून. त्यानंतर तो आवाज परत आला नाही म्हणतात. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. इथे कोणाकडे असेल तर मला हवंय, अगदी मनापासून.

पण विचारायचंय ते वेगळंच. परवा यमुनावहिनींचा फोन आला. या बाई आयुष्यात मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यापर्यंत गेल्या असतील, त्यापुढे नाही. म्हणाल्या, "त्या डोंगरात मला घेऊन चल. दत्ताला नको आनू. आपन दोघीच." मी म्हटलं, "वहिनी, तिथे काही नाहीये. कडा आहे नुसता." त्या म्हणाल्या, "असू दे." मी म्हटलं, "आणि काही झालं तर मी तुम्हाला धरणार, सांगून ठेवते."  मग म्हणाल्या, "ते तिथं गेल्यावर बघू."

मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुम्हीच सांगा, नेऊ का त्यांना? आज दुपारी दत्ता मोऱ्याला जाऊन आला. सांगत होता, वहिनीने उरणच्या बाजारातून स्वेटर आणलाय.